मदत हवी आहे : बिगफूटच्या साच्यांवरच्या ‘त्वचारेषा’

नमस्कार मंडळी,

बिगफूट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या जंगलांत राहतो असं सांगितलं जाणारा माणसासारखा, केसाळ महाकाय प्राणी. कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीक भागात 1958 साली रस्त्याच्या कामावरच्या जेरी क्रू यांनी सुमारे 16 इंची पाऊलठशाचा प्लास्टरचा साचा घेतला. तिथले ठसे त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस यांनी लाकडी पावलांनी उमटवले होते, असं त्यांच्या घरच्यांनी 2002 मध्ये सांगितलं आणि ती पावलं दाखवलीही. लाकूड ओळखणं तुलनेनं सोपं: दर ठशात बोटं जशीच्या तशी, चढावरही तीच ठेवण.

खरी अडचण आहे त्याच परिसरातल्या ओनियन माउंटनवर 1967 मध्ये घेतलेल्या साच्याची. त्यावरच्या बारीक समांतर रेषा (बोटांच्या ठशात असतात तशा) त्वचेच्या म्हणून मिरवल्या गेल्या. असे दावे तपासणाऱ्या मॅट क्रॉली यांनी प्रयोगांतून दाखवलं की कोरड्या, अतिबारीक मातीत प्लास्टर ओतलं की माती कडेचं पाणी झपकन शोषते, पसरणारी कड क्षणभर अडते, पुन्हा सरकते आणि प्रत्येक थांब्याला एक वळी राहते. मला हे पटतं.

हेच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांसमोर करून दाखवायचं आहे. वजनाने 2 भाग प्लास्टर ऑफ पॅरिसला 1 भाग पाणी, टाचेकडून संथ धार, असा बेत आहे. माती ओलसर असेल तर वळ्या येणार नाहीत. ओलसर ट्रे शेजारी तुलनेला ठेवेन. पण कोरड्या ट्रेसाठी काय घ्यावं? चाळलेली विटांची भुकटी की कुंभाराची वाळवून कुटलेली माती? आणि वळ्या मागच्या बाकापर्यंत दिसाव्यात म्हणून दिवा किती तिरका धरावा?