घरी केस रंगवण्याआधीची पॅच टेस्ट: २४ तास की ४८? आणि घामाचं काय?

जुई, देवगड

चतुर्थीच्या आधी घरातल्या तीन-चार जणींचे केस घरीच रंगवायचे आहेत. अ‍ॅलर्जी आहे का ते बघायला आधी कातडीवर थोडा रंग लावून बघायचा, ती पॅच टेस्ट. एका पाकिटावर कानामागे लावून २४ तास थांबा असं छापलंय, दुसऱ्या डब्यावर ४८. भाद्रपदात इकडे पंख्याखाली बसलं तरी घाम येतो, कानामागचा रंग ओघळून जातो. मग नक्की कुठे लावायचा, किती आणि किती वेळ? वर्षानुवर्षं तोच डाय लावणाऱ्या बाईलाही दर वेळी टेस्ट हवीच का? आणि पाकिटावर 'काळी मेंदी' लिहिलं असेल तर टेस्ट नाही केली तर चालेल का?

पार्लरवाली, कुडाळ

जुईताई, ४८ तासच धरा. २४ तास हा आपल्याकडे डायच्या पाकिटावर कायद्याने छापायला लावलेल्या सूचनेतला आकडा आहे. पण या रंगाची अ‍ॅलर्जी उशिरा उठते, दुसऱ्या दिवशी कातडी स्वच्छ दिसते आणि तिसऱ्या दिवशी पुरळ येतं.

जागा: कानामागे घाम साचतो, चष्म्याची दांडी आणि केस घासतात. कोपराच्या घडीतही तीच गत. म्हणून घडीच्या तीन-चार बोटं खाली, हाताच्या आतल्या बाजूला लावा. तिथे घाम कमी साचतो आणि नजरही राहते. जागा साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. आदल्या रात्री तिथे खोबरेल लावलेलं असेल तर ते नीट निघायला हवं, नाहीतर तेलाच्या थरामुळे रंग कातडीला लागतच नाही आणि टेस्ट फसवी 'चांगली' येते. खरचटलेली, वॅक्स केलेली किंवा आंबा-काजूच्या चिकाने भाजलेली जागा घेऊ नका. भाजलेली जागा नुसत्या पाण्यानेही चुणचुणते, मग कशाची आग होतेय ते कळत नाही.

प्रमाण: मटारच्या दाण्याएवढं मिश्रण पुरतं. क्रीम असेल तर पाकिटात सांगितलेल्या प्रमाणातच, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत रंग आणि डेव्हलपर (रंगासोबत मिळणारं, रंग पक्का करणारं द्रावण) कालवा. स्टीलचा चमचा नको. पावडर असेल तर चिमूटभर, दोन-चार थेंब पाण्यात. कालवल्याबरोबर लावा. अर्धा तास ठेवलेल्या मिश्रणात रंगाचे घटक आपापसात जोडले जाऊन पक्का रंग बनलेला असतो आणि तो कातडीला कमी त्रास देतो. डोक्यावर मात्र तुम्ही ताजा रंग थापणार, म्हणजे टेस्ट एकाची आणि वापर दुसऱ्याचा. काही कंपन्या टेस्टसाठी नुसती रंगाची ट्यूब लावायला सांगतात. तुमच्या डब्यात तसं लिहिलं असेल तर तसंच करा.

रुपयाच्या नाण्याएवढा पातळ ठिपका लावा आणि पंख्याखाली वाळू द्या. वर पट्टी, प्लास्टर, सेलोटेप काही नको. झाकलं की आत ओल आणि उष्णता कोंडते, रंग खोल मुरतो आणि साध्या कातडीलाही भाजू शकतं. वाळल्यावर डब्यावरच्या वेळेनुसार ठेवा किंवा धुवा, पण नजर ४८ तास ठेवायचीच. आंघोळ करताना तो हात बाजूला ठेवा, त्यावर साबण चोळू नका. खाज सुटली तर वेळेची वाट न बघता लगेच धुवा.

उरलेलं मिश्रण बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवू नका. त्यातून वायू सुटतो, बाटली फुटू शकते. फेकून द्या. पावडरचं फोडलेलं पाकीट पावसाळी हवेत ओल धरतं आणि आतच काळवंडतं, म्हणून एकाच बॅच नंबरची दोन छोटी पाकिटं घ्या: एक टेस्टला, एक डोक्याला. आणि प्रत्येकीची टेस्ट वेगळी. एकीला चाललं म्हणून बहिणीला चालेल असं नसतं.

परिचारिका, रत्नागिरी

वरचं सगळं बरोबर आहे. 'वर्षानुवर्षं लावतोय' याबद्दल सांगते, कारण सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो.

काळ्या आणि गडद तपकिरी डायमधला मुख्य घटक पॅरा-फिनायलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी. त्याची अ‍ॅलर्जी जन्मतः नसते, संपर्कातून तयार होते. शरीर आधी ओळख करून घेतं, तेव्हा काहीच दिसत नाही. पीपीडीला ओळखणाऱ्या पेशी तयार झाल्या की पुढच्या वेळी २४ ते ७२ तासांत उद्रेक होतो. म्हणून दहा वर्षं निभावलेला डाय अकराव्या वर्षी अंगावर येऊ शकतो, आणि एकदा झालेली अ‍ॅलर्जी बहुधा आयुष्यभर राहते. दर वेळी टेस्ट करायची ती यासाठीच. जत्रेत किंवा किनाऱ्यावर काळ्या रंगाचे 'टॅटू' काढून देतात, त्यात बऱ्याचदा भरपूर पीपीडी असतं. ते काढून घेतलेल्या मुलींनी जास्तच जपावं.

प्रतिक्रिया टाळूपेक्षा कपाळावर, कानाच्या पाळीवर, मानेवर आणि पापण्यांवर जास्त दिसते. पापणीची कातडी पातळ असते, सकाळी डोळे उघडत नाहीत इतकी सूज येते. लोक समजतात काहीतरी चावलं. भुवया-पापण्यांना तर हा रंग कधीच लावू नये, दृष्टी जाऊ शकते. तशी सूचना पाकिटावरही असते.

टेस्ट खोटी ठरवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे औषधं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा त्या जागी खाजेचं स्टेरॉइड मलम लावलेलं असेल तर प्रतिक्रिया दबते. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. सल्फाची औषधं किंवा बेन्झोकेनचं बधिर करणारं मलम ज्यांना सोसत नाही, त्यांना पीपीडीचाही त्रास होण्याची शक्यता असते.

मेंदी-माका, गुहागर

'काळी मेंदी' असं काही झाडावर उगवत नाही. मेंदीचा रंग भगवा, फार तर तांबूस-तपकिरी. अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या मेंदीत बहुतेक वेळा पीपीडी घातलेलं असतं. मागची बारीक अक्षरं वाचा: फिनायलीनडायअमीन, टोल्यूइन-२,५-डायअमीन, अमिनोफिनॉल, रिसॉर्सिनॉल. यातलं काहीही दिसलं की टेस्ट तशीच, ४८ तासांची. 'अमोनिया-फ्री'चा याच्याशी संबंध नाही, अमोनिया काढलेल्या डायमध्येही पीपीडी असू शकतं. घटकांची यादीच नसेल तर ते पाकीट घेऊ नका.

ज्यांना पीपीडी चालत नाही त्यांनी आधी शुद्ध मेंदी, ती धुतल्यावर निळीच्या पानांची पूड, असं दोन टप्प्यांत करावं. गडद रंग येतो. वेळ लागतो, पण डोळे सुजत नाहीत. मेंदीची आणि निळीची टेस्टही वेगवेगळी करा. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल तर मेंदीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो.

जुई, देवगड

खूप उपयोग झाला. एकच शंका: साधारण तिसाव्या तासाला नुसती हलकी खाज आणि गुलाबी कडा दिसली, फोड नाही, तर पुन्हा एकदा करून बघायचं का?

परिचारिका, रत्नागिरी

नाही. ती प्रतिक्रियाच समजा. रंग हातावर चिमूटभर होता, डोक्यावर मूठभर जाणार आहे. पुन्हा लावणं म्हणजे शरीराला आणखी चिथावणं. गार पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. हळद, लिंबू, कोकमतेल लावू नका, फोटो काढून ठेवा आणि डब्यासकट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिथली पॅच टेस्ट वेगळी असते: व्हॅसलिनमध्ये १ टक्का पीपीडी पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतरही एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. पाठ भिजवायची नसते, त्यामुळे आपल्याकडे ती थंडीत केलेली बरी. ओठ-जीभ सुजली, घशाला आवळल्यासारखं झालं किंवा दम लागला तर थेट १०८.

दिवसांचा हिशोब असा: चतुर्थीच्या आठ दिवस आधी टेस्ट, मधले तीन दिवस निरीक्षण, रंग हरतालिकेच्या तीन-चार दिवस आधी. म्हणजे टेस्ट फसली तर मेंदी-निळीची टेस्ट करायलाही वेळ उरतो.