विषय: भाच्याला पोर्टफोलिओ मॅनेजमेंट शिकायचंय

मंडळी, नमस्कार.
सध्या गावी आहे, दारव्ह्याजवळ. तूर निघेपर्यंत मुक्काम इथंच. भाच्याचं अमरावतीहून गणितात बी.एस्सी. झालंय, आता बाहेर जाऊन इन्व्हेस्टमेंटमध्ये मास्टर्स करायचं म्हणतो, म्हणजे पैसे कशात किती गुंतवायचे ते शिकायचं. भाऊजी शेतावर कर्ज काढायला निघालेत. घरच्यांची समजूत अशी, की कोणता शेअर केव्हा घ्यायचा ते तिथं शिकवतात. खरंच काय शिकवतात? कुणी केलंय का?

————

दादा, मी केलंय आणि पोटापाण्यालाही तेच करतो.
शेअर कोणता घ्यायचा हा प्रश्न बराच उशिरा येतो. सुरुवात होते अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झच्या 1952 च्या पेपरपासून. एकेक शेअर किती हलतो यापेक्षा ते एकमेकांसोबत किती हलतात, हा त्याचा मुद्दा. दोन शेअर धरा, दोघांचंही प्रमाणित विचलन (परतावा सरासरीपासून किती वरखाली होतो ते, म्हणजेच जोखीम) 20 टक्के, पैसे निम्मे-निम्मे. सहसंबंध, म्हणजे दोघांची चाल किती जुळते ते (1 म्हणजे पूर्ण जुळते), 0.3 असेल तर एकूण जोखीम 16 टक्क्यांवर येते, 0.9 असेल तर 19.5 वरच अडते. भाऊजींना सांगायचं तर कपाशीतले तुरीचे तास, म्हणजे मधल्या ओळी. गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तरी तुरीला तिचं काही देणंघेणं नसतं. पण पावसानंच दडी मारली की दोन्ही जातात, आणि 2008 ला बाजारात हेच झालं. एरवी वेगवेगळ्या वाटेनं जाणाऱ्या गुंतवणुका ऐन घसरणीत एकदम खाली आल्या.

खरी मेहनत पुढे आहे. 50 शेअर घेतले की सहविचरणाचे (दर जोडीतले शेअर सोबत किती हलतात त्याचे) 1,225 आकडे लागतात आणि ते सगळे जुन्या भावांवरून अंदाजे काढायचे. ऑप्टिमायझर, म्हणजे पैशांची सर्वांत चांगली वाटणी काढणारा प्रोग्राम, नेमका चुकलेल्या अंदाजावरच जास्त पैसे लावतो. विल्यम शार्पचं 1963 चं मॉडेल, ब्लॅक आणि लिटरमन या दोघांचं मॉडेल, हे सगळं या डोकेदुखीवरचे उतारे. म्हणून मॅट्रिक्स आणि रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज काढणं) पक्कं हवं. भाच्याचं गणित वाया गेलेलं नाही, उलट बी.कॉम.वाल्यांपेक्षा तो बरा.

कर्जाचं मात्र थांबवा. आधी सीएफएची (गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) पहिली लेव्हल देऊ दे, ती घरी बसून अभ्यास करून देता येते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची एनआयएसएम ही शिक्षणसंस्था पाताळगंगेला आहे, तिथले कोर्सही पाहावेत. एवढं करूनही गोडी टिकली तर बाहेरचं बघू.

————

अन् पोट्ट्याले कोनी इचारलं का? सारे मोठेच बोलून राहिले. त्याले टीव्हीवरचे शेअरवाले आवडत असतीन तर या आकडेमोडीत तो दोन महिन्यात कंटाळन.

————

काकू, विचारलं. वरची मेल वाचून दाखवली तर गडी उठून बसला. आता बाजार समितीतले कापसाचे आणि तुरीचे जुने भाव एक्सेलमध्ये भरतोय, सहसंबंध काढायचा म्हणे. पहिल्याच फटक्यात 0.8 च्या वर आलाय, इतका असतो का?

————

दादा, त्यानं भाव तसेच्या तसे घेतले असणार. महागाईनं दोन्ही वर्षानुवर्षं वर सरकतात, म्हणून आकडा फुगतो. आठवड्यागणिक टक्केवारीतला बदल काढायला सांगा आणि सहसंबंध त्या बदलांचा घ्या. हमीभावाच्या आसपास अडकलेले आठवडे वेगळे काढून पाहिलं तर आणखी बरं. फाईल मला पाठवू दे, रविवारी बसतो.