१५ ऑगस्ट १९४७ : आपल्या घरी तो दिवस कसा होता?

मुंबई-पुण्याच्या आठवणींत तो दिवस रोषणाईचा आणि पेढ्यांचा आहे. मात्र ज्यांचे बालपण कराचीत, कल्याणच्या छावणीत किंवा निजामाच्या मराठवाड्यात गेले, त्यांच्या आठवणी फार वेगळ्या आहेत, आणि ती माणसे आता नव्वदीच्या आसपास असल्याने त्यांना विचारून घेण्याची हीच वेळ आहे. आपण पाहिलेले किंवा घरातील ज्येष्ठांकडून ऐकलेले जरूर लिहावे. सुरुवात मी आईच्या आठवणीने करते.

आई तेव्हा नऊ वर्षांची होती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच असल्याने नोकरीनिमित्त कराचीत राहिलेली मराठी कुटुंबे होती. आजोबा तेथे गोदीत कारकून होते. ऑगस्टमध्ये निघावे असे त्यांना मुळीच वाटले नव्हते. ६ जानेवारी १९४८ रोजी शहरात दंगल उसळल्यावर मात्र त्यांनी शेजारच्या सिंधी कुटुंबाबरोबर बोटीची तिकिटे काढली. डेकवर दोन्ही घरांनी एकाच सतरंजीवर पथारी पसरली, आणि शेजारच्या काकूंच्या डब्यातली कोकी (सिंधी जाडसर पोळी) आईने मुंबई दिसेपर्यंत पुरवून खाल्ली. धक्क्यावर आईचे गिरगावातले मामा न्यायला आले होते. काकू मात्र नावे लिहून घेणाऱ्या माणसापुढे गोंधळून उभ्या होत्या, कारण त्याचे मराठी त्यांना कळत नव्हते. शेवटी आईनेच त्यांचे नाव, गाव, मुलांची वये सांगितली. आपण घरी आलो आणि काकू घर सोडून आल्या, हे तिला तिथे कळले, असे ती आजही सांगते.

---

मी सिंधमधल्या शिकारपूरचा. कल्याणजवळ युद्धकाळात सैन्यासाठी बांधलेल्या बराकींत आम्हाला जागा मिळाली. दोन कुटुंबांमध्ये भिंत म्हणून गोणपाट टांगलेले असे. सिंधमध्ये कधी एकटी बाहेर न पडलेली माझी आई तेथे दिवसभर पापड लाटत असे आणि मी ते लोकल गाडीत विकत असे. मराठी मी गिऱ्हाइकांकडूनच शिकलो. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते समारंभ होऊन वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी आमच्या घरात आजही ‘कॅम्प’ असाच उल्लेख होतो.

---

आमचे गाव भूमकडचे, म्हणजे निजामाच्या हद्दीतले. तेथे १५ ऑगस्टला तिरंगा लावणे हाच गुन्हा होता, आणि मराठवाड्यातील माणसांच्या वाट्याला आलेले हे वर्ष उर्वरित महाराष्ट्राने पुरेसे ऐकून घेतलेले नाही, असे मला मनापासून वाटते. वडील हद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला गेले. तिकडची मंडळी रात्री येऊन निजामाचे करोडगिरीचे (जकातीचे) नाके जाळत. रझाकार (निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक) येत असल्याची हाक आली की आई आम्हाला घेऊन उसाच्या फडात शिरे. बार्शीच्या बाजारात आमचे हाली शिक्के, म्हणजे निजामाचे रुपये, थेट चालत नसत, सात हालीचे सहा कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये) होत, म्हणून एक रुपया मोडतानाही आजीचा जीव खाली-वर होई.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आल्यानंतर काही दिवसांनी वडील परतले. वर्षभर कणगीच्या तळाशी दडवलेला झेंडा आजीने बाहेर काढला, त्याला लागलेला ज्वारीचा कोंडा झटकला आणि वडिलांनी तो वेशीवर बांधला.