असे म्हणणे खरे नाही की... (कोर्टात बाई म्हणून आलेले अनुभव)

गिरगावची_लेक
परवा आईचं कपाट आवरताना एक पिवळी पडलेली नक्कल सापडली. २००३ सालची, माझ्याच साक्षीची. स्टेशनच्या जिन्यावर एकाने हात घातला होता. मी कॉलर धरून त्याला पोलिसांकडे दिला आणि पुढे चार वर्षं तारखा खाल्ल्या. कुठलं कोर्ट ते राहू दे.

जज्जसाहेब, शिरस्तेदार, स्टेनो, पट्टेवाला, दोन्हीकडचे वकील, आरोपी, त्याचे दोन भाऊ. बाई मी एकटी. मी म्हटलं, "छातीला हात लावला." साहेबांनी स्टेनोला सांगितलं, "शरीरास स्पर्श केला." मी परत म्हटलं, छातीला. "बाई, तेच लिहिलंय."

मग उलटतपासणी. रात्री पावणेदहाला एकट्या कुठून येत होतात, मिस्टर घ्यायला का आले नाहीत, ओढणी होती का. आणि कागदावर काय उतरलंय बघा: "असे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीकडे पाहून हसले. असे म्हणणे खरे नाही की, गर्दीत माझाच धक्का लागला." असं ओळीने अकरा वेळा. मी जन्मात न बोललेली वाक्यं, खाली सही माझी.

सुटला तो. संशयाचा फायदा.

तुमचं काय? साक्षीदार, पक्षकार, वकील, कुणीही लिहा. फक्त नावं नकोत.

काळाकोट
त्याला सजेशन म्हणतात गं. वकील म्हणतो "तुम्ही हसलात", तू म्हणतेस "नाही", आणि टाइप होतं ते हे. सगळ्यांच्या साक्षीत असतं, पण पुरुषाच्या साक्षीत "हसलो" नसतं 😑

सही करण्याआधी साक्ष वाचून दाखवायची असते. चुकीचं वाटलं तर दुरुस्ती मागता येते. दुरुस्ती केली नाही तरी तुझी हरकत नोंदवायची तरतूद आहे. हे साक्षीदाराला कुणी सांगत नाही. पुढचं मॅटर पुकारलेलं असतं.

माझा अनुभव: १९ वर्षं प्रॅक्टिस. गळ्यात बँड, हातात गाऊन, तरी पट्टेवाला म्हणाला, "पक्षकारांनी बाहेर थांबा."

मुलुंडचा_मुकुंद
बाई जज्ज असल्या तरी आमचे वकील "सर, सर" करत होते. शेवटी त्याच हसल्या.

सोमवारची_साबुदाणा
+१ आणि लेडीज टॉयलेट!! कुलूप. किल्ली पट्टेवाल्याकडे, आणि तो चहाला गेलेला. माझी पोटगीची तारीख, सकाळी अकरापासून बोर्डावर, नंबर लागला पावणेपाचला. दिवसभर पाणी प्यायले नाही. बाकीचं नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात.

दादरकर_आजोबा
आमच्या वेळी ज्युरी होती, म्हणजे दोषी की निर्दोष ते सामान्य नागरिक ठरवायचे. नानावटी खटला, १९५९, नौदलातल्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या तो. ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष म्हणून कौल दिला. जज्जांना पटेना, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली. काय दिवस होते!

सोमवारची_साबुदाणा
आजोबा, त्या नऊ जणांत बाई होती का एखादी?

दादरकर_आजोबा
चार आण्यांचा ब्लिट्झ पेपर दोन रुपयांना विकला जायचा तेव्हा. आमचे वडील भांडून आणायचे.

सोमवारची_साबुदाणा
😂 बरं.

फाउंटनची_फिरस्ती
ज्युरी गेली म्हणतात, पण मुंबईत पूर्ण नाही गेली. पारशी घटस्फोटाच्या केसमध्ये हायकोर्टात न्यायाधीशांसोबत समाजातले पाच डेलिगेट बसतात. १९८८ च्या आधी सात असायचे. आमच्या मजल्यावरच्या आंटी या सगळ्यातून गेल्यात. म्हणाल्या, "डिकरा, बेडरूमची गोष्ट एका जज्जला सांगायची तरी जीभ जड होते. तिथे आणखी पाच जोडी डोळे." मग विषय बदलून मला लगननु कस्टर्ड खायला घातलं.

एडिसनची_मावसबहीण
इकडे अमेरिकेत मला ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं होतं. निवडीच्या वेळी वकिलाने विचारलं, मुलं लहान आहेत का, घरी कोण बघेल. शेजारच्या माणसाला तीन मुलं. त्याला विचारलं, नोकरी काय करता. घरी येऊन वाचत बसले तर लुईझियानात १९७५ पर्यंत बाईने स्वतः लेखी कळवलं तरच तिचं नाव ज्युरीच्या यादीत जायचं. पुरुषांचं आपोआप. निव्वळ बाई किंवा पुरुष म्हणून ज्युरर गाळायचा नाही, हे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं १९९४ मध्ये! आणि आपण समजतो हे लोक पुढे आहेत.

स्पष्टवक्ता७७
पुरुषांनाही कोर्टात खूप भोगावं लागतं. ४९८-अ (सासरच्या छळाचं जुनं कलम) बद्दल कुणी बोलत नाही.

काळाकोट
दुसरं कुणी काही बोलतच नाही हो. वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

नवी_सून_जुनं_घर
काळाकोट ताई, विषयांतर, पण सासऱ्यांच्या बँकेतल्या पैशांसाठी सक्सेशन सर्टिफिकेट लागेलच का? नॉमिनी आहे.

काळाकोट
नॉमिनी असेल तर बँक सहसा देते. वारसांत भांडण आहे का? व्यनि कर.

मूळ विषयावर: १९२३ चा कायदा येईपर्यंत बायकांना वकिलीच करता येत नव्हती. मग मिठन लाम मुंबई हायकोर्टात उभ्या राहिल्या. तिथे पहिली स्त्री न्यायाधीश यायला १९७८ उजाडलं, सुजाता मनोहर. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा विशाखा निकाल देणाऱ्या तिघांत त्या होत्या. ऑफिसातल्या ज्या समितीला आपण नावं ठेवतो ती तिथून आली.

२०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एक पुस्तिका काढली, बाईबद्दल कोर्टात कुठले शब्द वापरू नयेत याची. त्यात "ईव्ह टीझिंग" नको, सरळ रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा असं आहे. लेकी, तुझ्या नकलेत काय शब्द आहे?

मुलुंडचा_मुकुंद
माझ्या बायकोची साक्ष झाली तेव्हा तिला पिंजऱ्यात दीड तास उभं ठेवलं, सातवा महिना होता. मला मात्र बाकावर सरकून जागा दिली लोकांनी. मी बसलो. आत्ता लिहिताना लाज वाटते.

सोमवारची_साबुदाणा
मुकुंद, बायकोला वाचायला दे हे. (कुकर झाला. वरण करपलं.)

गिरगावची_लेक
आत्ता परत काढून बघितली. शब्द "छेडछाड" आहे, तीनदा. आणि ते "असे म्हणणे खरे नाही" बारा वेळा आहे, अकरा नव्हे, मी चुकले. शेवटच्या पानाच्या पाठीमागे आईने पेन्सिलीने दूधवाल्याचा हिशोब लिहिलाय, दोन खाडे वजा करून.