अनुभव धागा: नवीन सुपरहिरो कॉमिक्स वाचताय का? काय आवडलं, काय डोक्यात गेलं?

सिनेमांवर धाग्यांचा पाऊस पडतो पण कॉमिक्सवर कोणी लिहीत नाही म्हणून काढतोय. २०२४ पासून मार्व्हल आणि डीसी या दोन बड्या अमेरिकन कॉमिक्स कंपन्यांपैकी मार्व्हलने नवी 'अल्टिमेट' आणि डीसीने 'अ‍ॅब्सोल्यूट' मालिका आणल्या, दोन्हीकडे पाटी कोरी, मागचं काही माहीत नसलं तरी चालतं, त्यामुळे बरेच जुने वाचक परत वळलेत असं दिसतंय. तर काय वाचलंत, कागदावर की अ‍ॅपवर, पैसे वसूल झाले का ते लिहा. शेवट फोडू नका प्लीज. आणि "ही तर लहान मुलांची पुस्तकं" म्हणणाऱ्यांनी धागा ओलांडून पुढे जावे :)

---

अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन!! स्कॉट स्नायडरचं लेखन आणि निक ड्रॅगोटाची चित्रं. यातला ब्रूस (म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन) श्रीमंत नाही, वडील मास्तर होते, आई जिवंत आहे आणि हा स्वतः शहराच्या कामावरचा इंजिनिअर. मी पण सिव्हिलवाला त्यामुळे पहिल्याच अंकात खूश, कारण हा माणूस गुंडांना नुसता बुकलत नाही तर शहर कसं बांधलंय ते वापरून लढतो. छातीवरचं वटवाघूळ काढलं की त्याची कुऱ्हाड होते, हे ऐकायला येडपट वाटतं पण पानावर जाम भारी दिसतं. आल्फ्रेडसुद्धा इथे बटलर नाही, गुप्तहेर आहे आणि सुरुवातीला ब्रूसवर पाळत ठेवून असतो. २०२४ मधलं सगळ्यात खपलेलं कॉमिक हेच आणि मला तरी त्यात नवल वाटत नाही. सुटे अंक इकडे मागवणं परवडत नाही, पहिल्या सहा अंकांचं एकत्र पुस्तक आलं ते घेतलं.

---

वरच्यांशी असहमत. चित्रं जबरी, मान्य, पण प्रत्येक अंकात आधीच्यापेक्षा मोठं काहीतरी फोडायचं, तोडायचं, रक्त उडवायचं, किती ते? बेन या खलनायकाच्या भागापर्यंत मी थकलो. मला मुख्य 'बॅटमॅन' मालिका सप्टेंबर २०२५ ला परत एक नंबरपासून सुरू झाली ती जास्त आवडतेय. लेखक मॅट फ्रॅक्शन आणि चित्रकार होर्हे हिमेनेझ. पहिल्याच अंकात किलर क्रॉक या मगरीसारख्या खलनायकाला बॅटमॅन चक्क बोलून, समजूत घालून सांभाळतो. बऱ्याच वर्षांनी माणसासारखा वागणारा बॅटमॅन बघितला राव.

---

आम्ही अल्टिमेट स्पायडरमॅन पार्टी. जोनाथन हिकमनने यात पीटरला आधीच लग्न झालेला, दोन पोरांचा बाप केलाय आणि कोळ्याची शक्ती त्याला मिळते ती पस्तिशीत. बेनकाका जिवंत आहेत आणि जेमसन या पत्रकाराला घेऊन स्वतःचं वर्तमानपत्र काढतात, ते दोघं म्हातारे बोलायला लागले की मला मारामारी नकोच वाटते. अजून एक गंमत म्हणजे अंक महिन्याने यायचा आणि गोष्टीतही महिनाच गेलेला असायचा. त्याचा तोटाही झाला, मधे काहीतरी मोठं घडून गेलेलं असायचं आणि आपल्याला ते नुसतं कोणाच्या तरी तोंडून कळायचं. पण पोरीला झोपवताना पीटरची जी तारांबळ होते ती वाचून बायकोला पान दाखवलं, तिने फक्त "भांडी राहिलीत" एवढंच सांगितलं.

---

मी न्यू जर्सीत असते. इकडे बुधवार म्हणजे नव्या कॉमिक्सचा वार, डीसी मधली काही वर्षं मंगळवारी गेलं होतं पण २०२४ मधे परत बुधवारी आलं. दुकानात आपली यादी देऊन ठेवायची, ते अंक बाजूला काढून ठेवतात. जानेवारी २०२५ मधे डायमंड हा मोठा वितरक दिवाळखोरीत गेला तेव्हा छोट्या प्रकाशकांचे अंक आमच्या दुकानात उशिरा यायला लागले, मार्व्हल-डीसीचं काम आधीच दुसरीकडे गेलेलं त्यामुळे ते वाचले. माझी तक्रार वेगळीच आहे, एका अंकाला दहा-दहा वेगवेगळी मुखपृष्ठं कशाला? आतलं सगळं तेच! आणि पाच डॉलरला वीस-बावीस पानं, कॉफी संपायच्या आत वाचून होतं. वाट बघायची तयारी असेल तर मार्व्हलच्या अ‍ॅपवर साधारण तीन महिन्यांनी नवीन अंक येतात, तोच शहाणपणा.

---

मी पन्नाशीची वाचक, हसू नका. आमच्याकडे इंद्रजाल यायचं, मराठीतून, वेताळ आणि मँड्रेक. ते १९९० ला बंद झालं आणि माझं कॉमिक्स तिथेच संपलं होतं. आता लेकीने अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन हातात दिलं. ही डायना नरकात वाढलेली, सर्सी नावाच्या चेटकिणीने वाढवलेली, घोडा उडता पण नुसता हाडांचा सापळा. पहिल्यांदा वाटलं काय हे भयाण, पण एवढं सगळं असून बाई इतकी प्रेमळ आहे ना! हेडन शर्मनने पानं अशी मांडलीत की आधी कुठे बघायचं तेच कळत नाही, मग कळतं आणि परत पहिल्यापासून बघावंसं वाटतं. लेक म्हणते याला २०२५ चं आयस्नर (कॉमिक्सचं मोठं पारितोषिक) मिळालं, नव्या मालिकेचं. मिळायलाच हवं होतं.

---

काकू +१. वेताळ फॅन इकडे पण.

---

कोणी राम व्ही बद्दल का लिहीत नाहीये? आपल्या मुंबईचा माणूस, बॅटमॅनचीच दुसरी मालिका डिटेक्टिव्ह कॉमिक्स, ती त्याने २०२२ ते २०२४ लिहिलं, अगदी ऑपेरासारखं संथ, बऱ्याच जणांना कंटाळवाणं वाटलं, मला नाही. नंतरचं न्यू गॉड्स मात्र मला जड गेलं, पात्रं फार, मधेच सोडलं. तरी धोतरातल्या २००४ च्या भारतीय स्पायडरमॅनपेक्षा हे कितीतरी बरं, तेव्हा योगीबाबा येऊन शक्ती देऊन जायचे :ड

---

धोतराला नावं ठेवू नका, तो अंक जपून ठेवलाय.

---

मार्व्हलचा डेडपूल आणि डीसीचा बॅटमॅन एकत्र आले ते वाचलं का कोणी? २००३-०४ च्या जेएलए-अ‍ॅव्हेंजर्सनंतर दोन्ही कंपन्यांची पात्रं पहिल्यांदाच अशी भेटली म्हणून उड्या मारत घेतलं. मजा आली, दुसऱ्या दिवशी काहीही आठवत नव्हतं.

---

त्यापेक्षा अ‍ॅब्सोल्यूट मार्शन मॅनहंटर घ्या. डेनिझ कॅम्प लेखक, हाविएर रोद्रिगेझ चित्रकार. एफबीआयचा माणूस स्फोटातून वाचतो आणि त्याच्या डोक्यात मंगळवाला येऊन बसतो, मग त्याला लोकांच्या मनातलं रंगीत धुरासारखं दिसायला लागतं. फोनवर वाचू नका, रंग मरतात. पुण्यात कोणाला हवं असेल तर माझी प्रत देतो, पण पानं दुमडणाऱ्यांना नाही.