‘पर्सनहुड’ : व्यक्तिमत्त्व, व्यक्तित्व की माणूसपण?

प्रश्न : डिमेन्शियाच्या (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणाऱ्या आजाराच्या) रुग्णांची काळजी आणि त्यातली नीती यांवर लिहिणाऱ्या टॉम किटवुड यांची ओळख मराठीत करून द्यायची आहे. त्यांच्या ‘पर्सनहुड’ला ‘व्यक्तिमत्त्व’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर १ : चालेल की. सगळ्यांना कळणारा शब्द आहे.

उत्तर २ : नका वापरू, त्याने अर्थ उलटा होईल. व्यक्तिमत्त्व म्हणजे स्वभाव, वागण्याबोलण्याची तऱ्हा. ते आजारात बदलू शकतं. ‘आता ते पूर्वीचे राहिले नाहीत’ असं घरचे म्हणतात, ते त्याबद्दलच. किटवुड यांना म्हणायचं होतं ते वेगळंच. १९९७च्या ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या पुस्तकात त्यांनी पर्सनहुडची व्याख्या केली : नात्यांच्या आणि समाजजीवनाच्या संदर्भात एका माणसाला इतरांनी दिलेलं स्थान, त्यात दखल, आदर आणि विश्वास आले. म्हणजे ते स्मरणशक्तीवर अवलंबून नाही. नावं विसरली, दिवस-रात्र कळेनासे झाले, तरी ते टिकू शकतं. आणि भोवतालची माणसं ते हिरावूनही घेऊ शकतात. म्हणून माझं मत ‘माणूसपण’ला. तात्त्विक लेखात ‘व्यक्तित्व’ चालेल, पण ‘माणसासारखं वागवा’ हे आपण बोलतोच, त्याच्याशी ‘माणूसपण’ सहज जुळतं.

किटवुड (१९३७–१९९८) केंब्रिजला विज्ञान शिकले, धर्मगुरू झाले, युगांडात शिकवलं आणि पुढे ब्रॅडफर्ड विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळले. तिथला ‘ब्रॅडफर्ड डिमेन्शिया ग्रुप’ त्यांनी उभा केला. कॅथलीन ब्रेडिन यांच्यासोबत त्यांनी ‘डिमेन्शिया केअर मॅपिंग’ ही निरीक्षणपद्धत घडवली : वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत तासन्‌तास बसायचं आणि दर ५ मिनिटांनी तिथला माणूस काय करतोय, बरा दिसतोय की कोमेजलेला, हे नोंदवायचं. नीतीची चर्चा इतकी जमिनीवर आणणारा अभ्यासक मला फार मोलाचा वाटतो.

प्रश्न : मग भोवतालच्यांच्या माणूसपण हिरावणाऱ्या वागण्याला किटवुड ‘मॅलिग्नंट सोशल सायकॉलॉजी’ म्हणतात, त्यातल्या ‘मॅलिग्नंट’ला काय म्हणू? ‘दुष्ट’?

उत्तर २ : ‘घातक’ म्हणा. काळजी घेणाऱ्यांच्या मनात वाईट असतं असा त्यांचा आरोप नव्हताच. बहुतेक जण मायेनंच करतात, हे त्यांनी स्वतः स्पष्ट केलं आहे. तरी वागणं घात करतं. असे १७ प्रकार त्यांनी नोंदवले : फसवून हवं ते करायला लावणं, धाक दाखवणं, समोर बसलेल्याला वगळून त्याच्याबद्दल बोलणं, थट्टा, आणि लहान मुलासारखं वागवणं. हा शेवटचा तर आपल्या भाषेत मुरलेला आहे. ‘म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण’ असं आपण किती प्रेमानं म्हणतो! पण आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला ‘शहाणी ना तू, आ कर’ म्हटलं की तिचं सगळं आयुष्य पुसलं जातं.

उत्तर ३ : ‘स्मृतिभ्रंशग्रस्त’ही टाळावं असं वाटतं. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणातला ‘ग्रास’ तोच. आजारानं माणूस अख्खा गिळला, असं ते सुचवतं. ‘स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती’ लांबट आहे, पण किटवुड यांचा भर ‘व्यक्ती’वरच होता. शिवाय ‘स्मृतिभ्रंश’ही अपुरा आहे, या आजारात भाषा, निर्णय, दिशेचं भान हेही ढासळतं. त्यामुळे मी ‘डिमेन्शिया’च ठेवते.

प्रश्न : पटलं. त्या १७ मधलं ‘आउटपेसिंग’ राहिलं. समोरच्याला झेपणार नाही इतक्या वेगानं बोलणं, कपडे चढवणं, भरवणं. ‘घाई’ पुरेल?

उत्तर २ : घाई आपली आपणही करतो. इथे दुसरा आपल्याला ओढत नेतो. ‘फरफट’ बघा.