मदत हवी आहे: छोट्या शहरातला हिंसाचार खरंच वाढलाय का, हे आकड्यांवरून ठरवायचं कसं?

मंडळी, डोकं पार गरगरायला लागलंय म्हणून शेवटी इथं विचारतोय. साधारण २० हजार वस्तीच्या एका शहरातल्या हिंसक गुन्ह्यांचा २० वर्षांचा आलेख मांडून लेख द्यायचाय. खून, खुनाचा प्रयत्न, दुखापत, जबरी चोरी असे चार रकाने एक्सेलमध्ये भरले आणि ग्राफ काढला तर तो ग्राफ कसला, ईसीजीच वाटतोय. एका वर्षी खून शून्य, मग तीन, मग परत एक, असंच सगळं.

आमच्या संपादकांना शेवटची दोन वर्षं फार आवडलीत. आधी एक खून, नंतर चार, म्हणजे 'खुनांत ३०० टक्के वाढ' असं शीर्षक त्यांनी मनात पक्कं पण करून टाकलंय. गणित चूक नाही हो, पण मला ते पटत नाहीये आणि का पटत नाही ते सांगायला गेलो की मीच अडखळतोय.

त्यात अजून गुंते आहेत. चारपैकी दोघं एकाच मारामारीत गेले, ते दोन धरायचे की एक? आणि अजून एका माणसाला डिसेंबरच्या शेवटी मारहाण झाली, तो हॉस्पिटलमध्ये जानेवारीत वारला, त्यामुळे आधी खुनाचा प्रयत्न आणि नंतर खून अशा दोन्ही रकान्यांत तो आलाय असा मला दाट संशय आहे. दुखापतीचा रकाना तर विचारूच नका, दहाएक वर्षांपूर्वी एकदम दुप्पट झाला तो खाली आलाच नाही, खून मात्र होते तेवढेच. आता लोक जास्त मारायला लागले का जास्त तक्रारी द्यायला लागले?

जाणकारांनी प्लीज सांगा. 'पूर्वी असं नव्हतं' हे वाक्य सोडून काहीही चालेल, ते मी या महिन्यात खूपदा ऐकलंय.

प्रतिसाद १

टक्केवारी आधी फेकून द्या. २० हजार वस्तीत एक खून म्हणजे लाखामागे ५, चार म्हणजे लाखामागे २०. एवढ्या लहान जागी एका भांडणानं दर कुठल्या कुठं जातो.

आता असं धरा की शहर अजिबात बदललेलं नाही, वर्षाला सरासरी २ खून, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पॉयसन वितरणानं (क्वचित घडणाऱ्या घटना निव्वळ योगायोगानं किती वेळा येतील ते सांगणारं गणित) हिशोब केला तर शून्य खुनांचं वर्ष साधारण १३.५ टक्के वेळा येतं आणि चार किंवा जास्तचं १४ टक्के वेळा. म्हणजे २० वर्षांत दोन-तीन वर्षं कोरी आणि दोन-तीन वर्षं अशी 'भयंकर' निघणारच, कोणी काही बिघडवलेलं नसताना. तुमचा ईसीजी तोच आहे.

पाच-पाच वर्षांचे गठ्ठे करा आणि मग तुलना करा. तरी फार जोरात बोलू नका, पाच वर्षांत १० खून मोजले तरी ९५ टक्क्यांची पट्टी, म्हणजे खरी सरासरी साधारण ज्या टप्प्यात असू शकते तो अंदाज, ५ ते १८ अशी ऐसपैस येते.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण माझ्या मते खरी गोची नोंदीत असते. घटना, बळी आणि आरोपी हे तीन वेगळे आकडे आहेत, त्यातला कुठला घेतलाय ते आधी ठरवा आणि २० वर्षं तोच ठेवा. आणि वर्ष घटनेचं का नोंदीचं तेही बघा. इंग्लंड-वेल्सच्या आकड्यांत २००२-०३ ला खुनांचा मोठा सुळका दिसतो, कारण डॉ. हॅरॉल्ड शिपमननं आधीच्या अनेक वर्षांत मारलेले १७२ पेशंट त्या एका वर्षात नोंदवले गेले. आख्ख्या देशाचा ग्राफ एवढा हलतो तर २० हजार वस्तीचं काय घेऊन बसलात!

दुखापतीच्या दुपटीबद्दल, नोंदीचे नियम त्या सुमारास बदलले का ते तपासा. इंग्लंड-वेल्समध्येच २००२ साली नोंदणीचं नवं मानक आलं आणि पोलिसांकडचा हिंसाचाराचा आकडा वाढला, लोकांना विचारून केलेल्या सर्वेक्षणात तशी वाढ दिसत नव्हती. डेटा भारतातला असेल तर आणखी एक, १ जुलै २०२४ पासून कलमं बदलली, खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ चं १०९, सो नुसत्या कलम नंबरवर फिल्टर लावलात तर खून एकदम गायब होतील. आणि एनसीआरबीचा (देशभरातले गुन्ह्यांचे आकडे गोळा करणारी केंद्राची संस्था) नियम असा की एका गुन्ह्यात अनेक कलमं असली तर मोजणी सगळ्यात गंभीर कलमाखाली होते. बलात्कार करून खून असेल तर तो बलात्काराच्या रकान्यात मोजला जाणार नाही.

खून 'तेवढेच' यावरही विसंबू नका. उपचार सुधारले की आधी जो मेला असता तो वाचतो आणि खुनाच्या रकान्यातून निघून प्रयत्नाच्या रकान्यात जातो. दोन्हीची बेरीज करून बघा. जमलं तर हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागातले नाव-गाव काढलेले आकडे मागा. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या सर्जननी तेच केलं होतं, तेव्हा कळलं की टाके घालायला आलेल्या बऱ्याच मारामाऱ्या पोलिसांपर्यंत गेलेल्याच नव्हत्या.

धागाकर्ता

दोघांचे आभार, काल रात्री बसून सगळं परत केलं. डिसेंबरवाला माणूस घटनेच्या तारखेनं लावला तर तो मागच्या वर्षात गेला, आणि प्रयत्नाच्या रकान्यातून त्याची जुनी नोंद काढली. म्हणजे एक आणि चारचे झाले दोन आणि तीन. मारामारीतले दोघं एक घटना धरले तर दोन आणि दोन.

संपादकांना फोन केला, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले 'मग बातमी काय आहे यात?' त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. दुखापतीचं कोडं तसंच आहे, हॉस्पिटलकडे असा डेटा रीतसर मागायचा अर्ज कोणी केलाय का? नमुना असेल तर टाका प्लीज.